जुने सेल, नवी बॅटरी आणि हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची समजूत अशी असावी की कामगार चळवळीतला माणूस आहे, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा ठेकेदारी यांवर काहीतरी बोलेल. मी ‘बॅटरी’ असे सांगितले, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने “म्हणजे विजेरी का?” असे विचारले. त्यात त्यांचे काही चुकले नाही. आपल्या मावळात बॅटरी म्हणजे विजेरीच. रानात पाणी धरायला जाताना हातात घेतात ती. पण मी आज बोलणार आहे ते पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या सेलविषयी. शास्त्राच्या पुस्तकात त्याला संचायक घट म्हणतात. आपण सेल आणि बॅटरी हेच शब्द वापरू.

मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा सातवीत सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. परंतु बॅटरी बनवणारे, भरणारे, वाहून नेणारे आणि जुनी झाल्यावर ती फोडणारे, अशा माणसांत माझी पंचवीसएक वर्षे गेली आहेत. त्या अधिकाराने मी बोलतो. त्याहून मोठा अधिकार मी सांगत नाही.

प्रश्न दिसायला अगदी लहान आहे. रेडिओवर चालणारे लहानसे विमान, बोट किंवा मोटार असते. तिच्यात जुने सेल घालावेत की नवी लिथियम पॉलिमर बॅटरी घालावी? छंद असलेली मंडळी या प्रश्नावर तासन्‌तास वाद घालतात. तुम्ही म्हणाल, हा पोरांच्या खेळाचा प्रश्न, तो आम्हांला कशाला? उत्तर असे की तो खेळ आता आपल्या शेतात उतरला आहे. औषध फवारणारा ड्रोन हा त्या खेळण्याचाच थोरला भाऊ. ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट २००९ साली आला. त्यात खिडकीबाहेर उडणारे चार पंख्यांचे यंत्र दिसते. ते मुंबईच्या आय. आय. टी.त शिकलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज या कंपनीने दिले होते. शेजारच्या पुरंदर तालुक्यात सोनोरीच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ या नावाने तसल्या मोजणीची योजना सुरू केली. म्हणजे कालचे खेळणे आज हत्यार झाले आहे. आणि हत्यार म्हटले की ते हातात धरणारा कामगार आला. तेव्हा हा प्रश्न माझा होतो आणि तुमचाही होतो.

प्रथम बॅटरीची भाषा समजून घेऊ. त्यासाठी दूर जावयास नको. आपले भाटघरचे धरण पुरे आहे. वेळवंडी नदी अडवून बांधलेले हे धरण १९२८ साली पुरे झाले. त्याला इंग्रजी अमदानीत लॉईड धरण म्हणत; आज जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. साठा सुमारे साडेतेवीस टी. एम. सी. पायथ्याशी १६ मेगावॉटचे वीजघर आहे. आता बॅटरीवर तीन आकडे छापलेले असतात ते पहा. पहिला आकडा अँपिअर-तासांचा. तो म्हणजे धरणातला साठा. दुसरा व्होल्टचा. तो म्हणजे पाण्याची उंची. पाणी जितक्या उंचीवरून पडेल तितका त्याचा जोर. आणि तिसरा आकडा ‘सी’ या अक्षरापुढचा असतो. तो सांगतो की दरवाजे किती उघडता येतात, म्हणजे साठा किती वेगाने बाहेर सोडता येतो. सोळा अँपिअर-तासांच्या बॅटरीतून एका तासात सगळा साठा काढला तर प्रवाह सोळा अँपिअरचा होतो; तो झाला एक सी. पाच सी म्हणजे ऐंशी अँपिअर, आणि साठा बारा मिनिटांत खलास.

साठा, उंची आणि दरवाजा. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढचे सारे सोपे आहे. फक्त एक चौथी गोष्ट धरणाला नसते आणि बॅटरीला असते, ती म्हणजे वजन. धरण जागचे हलत नाही. बॅटरीला मात्र उडायचे असते.

या वजनापायीच सगळा इतिहास घडला आहे. शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली तयार केली. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली, तिच्या पोटातही अशाच भरता येणाऱ्या बॅटऱ्या होत्या. बोटीला वजन चालते, पाणी ते पेलते. विमानाला ते चालत नाही. म्हणून विजेवर चालणारे रेडिओ-नियंत्रित विमान उडायला १९५७ साल उजाडावे लागले. इंग्लंडात कर्नल टॅपलिन यांनी ते उडवले, तेही चांदी आणि जस्त यांच्या महागड्या बॅटरीवर. गरिबाच्या छंदाचे ते काम नव्हते.

त्यानंतर छंदात राज्य केले ते निकेल-कॅडमियम सेलने. हा सेल स्वीडनमधल्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली शोधला होता. १९७३ साली ऑस्ट्रियात याच सेलवर एक विमान माणूस घेऊन काही मिनिटे आकाशात राहिले. त्याच्या मागोमाग, १९९० च्या सुमारास, निकेल-मेटल हायड्राइड आला. त्यात विषारी कॅडमियम नाही आणि त्याच आकारात साठा अधिक. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. लिथियमच्या या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लिथियम पॉलिमर ही तिचीच धाकटी बहीण. हिच्यात पोलादी डबा नसतो. पातळ पडदे एकावर एक रचून वर पिशवीसारखे आवरण घातलेले असते. डबा गेला म्हणून ती हलकी झाली. डबा गेला म्हणूनच ती नाजूकही झाली. हे दुसरे वाक्य जाहिरातीत छापलेले नसते.

आता आकडे मांडू. एक किलो वजनाच्या बॅटरीत किती वॅट-तास वीज मावते, ते पहा. शिशाच्या बॅटरीत साधारण ३० ते ४०. निकेल-कॅडमियममध्ये ४० ते ६०. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये ६० ते १००. लिथियम पॉलिमरमध्ये १५० च्या पुढे, चांगल्या मालात २०० च्या वर. उदाहरण म्हणून दहा लिटर औषध उचलणारा ड्रोन घ्या. त्याला सहा-सहा सेलांच्या, सोळा अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या जोडतात असे धरू. लिथियमच्या एका सेलची सर्वसाधारण उंची ३.७ व्होल्ट. बारा सेल एकापुढे एक जोडले की झाले ४४.४ व्होल्ट. त्याला सोळाने गुणा. ७१० वॅट-तास येतात. ही वीज लिथियम पॉलिमरमध्ये साठवली तर वजन चार किलोच्या आसपास. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये नऊ किलो. निकेल-कॅडमियममध्ये चौदा किलो. शिशात वीस किलो. आणि असा ड्रोन औषधासकट पंचवीस किलोच्या आत राहावा असे त्याचे गणित असते. म्हणजे शिशाची बॅटरी घातली तर ड्रोन फक्त बॅटरीच घेऊन फिरेल. औषध आपल्यालाच पाठीवर मारावे लागेल.

दरवाजाचेही तसेच आहे. हा ड्रोन हवेत तोलून धरायला ऐंशी-शंभर अँपिअर प्रवाह लागतो, तोही सात-आठ मिनिटे सलग. घरातल्या मोठ्या सॉकेटला सोळा अँपिअरची मर्यादा असते, यावरून अंदाज करा. मोटारीची शिशाची बॅटरी इंजिन सुरू करताना याहून मोठा प्रवाह देते, पण काही सेकंदच. निकेल-कॅडमियम हा पहिलवान गडी. त्याच्याकडून मोठा प्रवाह घेता येई, पण साठा थोडा. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये साठा आला, तर मोठा प्रवाह काढताना तो तापू लागला. साठा, प्रवाह आणि हलकेपणा या तिन्ही बाबतींत लिथियम पॉलिमर सरस आहे. जो उडणाऱ्या यंत्रासाठी आजही जुन्या सेलचा आग्रह धरील, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. त्याने तराजू आणून तोलून पाहावे.

मग वाद कुठे आहे? वाद स्वभावाचा आहे.

जुना सेल क्षमा करणारा होता. निकेल-कॅडमियमचा सेल त्याच्या साठ्याच्या दहाव्या हिश्शाच्या प्रवाहाने चौदा-सोळा तास भरायचा असे. मुलगा रात्री चार्जिंगला लावून झोपी गेला आणि सकाळी उठायला उशीर झाला, तर जादा वीज उष्णता होऊन निघून जाई. सेल कोमट होई, इतकेच. पार रिकामा झाला तरी पुन्हा भरला जाई. त्याची एक खोड होती. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरला तर तो आपला पूर्ण साठा विसरल्यासारखा वागे. छंदिष्ट मंडळी मग त्याला पूर्ण रिकामा करून पुन्हा भरीत. शिशाच्या बॅटरीची खोड उलटी. ती रिकामी ठेवली की खराब होते, म्हणून ती सदा भरलेली ठेवायची. निकेल-मेटल हायड्राइडची खोड अशी की भरून ठेवला आणि महिन्याने पाहिला तर बरीच वीज आपोआप उडून गेलेली. २००५ नंतर कमी गळणारे सेल आले आणि ही तक्रारही कमी झाली. या सगळ्या खोड्या घरच्या म्हाताऱ्या माणसांसारख्या होत्या. त्रास देत, पण घर पेटवीत नसत.

लिथियम पॉलिमरला यांपैकी एकही खोड नाही. विसरभोळेपणा नाही, गळती अगदी थोडी. पण तिला शिस्त लागते, आणि शिस्त मोडली तर क्षमा नाही. ही शिस्त आपण पुन्हा धरणावरूनच समजून घेऊ.

भाटघरला पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला आले की ते आपोआप उचलले जातात आणि जादा पाणी नदीत जाते. लिथियमच्या सेलची ती पातळी ४.२ व्होल्ट. पण त्या सेलला स्वतःचे दरवाजे नाहीत. ४.२ च्या वर वीज ढकलत राहिलात तर ती कुठेच वाहून जात नाही. आतल्या आत रसायन बिघडवते. दरवाजाचे काम चार्जरने करायचे असते. म्हणून लिथियमची बॅटरी निकेलच्या जुन्या चार्जरला लावणे म्हणजे भिंतीला दरवाजे न ठेवता धरण भरणे आहे.

दुसरी पातळी तळाची. धरणात मृतसाठा असतो. तो उपसायचा नसतो, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लिथियमचा मृतसाठा ३ व्होल्टच्या खाली सुरू होतो. शहाणा माणूस साडेतीनच्या आसपासच यंत्र खाली उतरवतो. मृतसाठा उपसला की सेलच्या आत कायमची इजा होते, आणि तसा सेल पुन्हा जोराने भरायला घेतला तर तो पेटू शकतो.

तिसरी गोष्ट बरोबरीची. बारा सेल एकापुढे एक जोडलेले असतात, ते जुवाला जोडलेल्या बैलांसारखे. एक बैल अशक्त असला तर गाडी चालते खरी, पण ओढाताण त्याच्याच मानेवर येते. बारा सेलांची एकूण उंची बरोबर दिसते आणि त्यांतला एक सेल मर्यादेच्या वर, दुसरा खाली असू शकतो. यासाठी बॅटरीला दोन मोठ्या वायरींशिवाय बारीक तारांचा एक पांढरा जोड असतो. तो चार्जरला लावला म्हणजे चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो आणि सगळे एका पातळीवर आणतो. घाई असली की लोक हा बारीक जोड लावायचा टाळतात. घाई नेहमी कामाच्या दिवसांत असते, आणि बॅटरीवर ताणही त्याच दिवसांत असतो.

या तिन्हींपैकी काहीही बिघडले की बॅटरी फुगते. पिशवीत वायू साठतो आणि ती उशीसारखी होते. फुगलेली बॅटरी ही सूचना आहे. ती टाचणीने टोचून चापट करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, तसे करू नका. आतले पडदे फाटून एकमेकांना भिडले की उष्णता वाढत जाते, आणि ती उष्णताच पुढच्या सेलला पेटवते. धूरही विषारी असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची लिथियम बॅटरी फुटली आणि एक लहान मुलगा प्राणाला मुकला. ही परदेशची गोष्ट नव्हे, आपल्या महाराष्ट्रातली आहे.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग जुनेच बरे होते. नाही. मला जुन्याचे गोडवे गाता येणार नाहीत, कारण जुन्याची किंमत कोणी मोजली हे मी जवळून पाहिले आहे. शिसे पेटत नाही, पण ते अंगात भिनते. पोटात कळा येतात, हिरड्यांवर निळसर रेघ उमटते, मनगट लुळे पडते, आणि कपड्यांवरची धूळ घरी जाऊन पोराबाळांच्याही अंगात जाते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कळवण्याजोग्या रोगांची यादी होती. तिच्यात पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. एका कारखान्यात, त्याचे नाव घेत नाही, कामगारांच्या रक्तातले शिसे दरवर्षी तपासले जाई, पण आकडा कामगाराला सांगत नसत. “डॉक्टरांकडे कागद आहे,” एवढेच उत्तर. स्वतःच्या रक्ताचा आकडा स्वतःच्या हातात मिळावा, या एका मागणीसाठी आम्हांला दोन वर्षे झगडावे लागले. पगारवाढ त्याच्या आधी मिळाली! कॅडमियमची कथा याहून भीषण आहे. जपानात तोयामा भागात जिंझू नदीच्या काठी खाणीतले कॅडमियम भाताच्या खाचरांत उतरले. माणसांची हाडे ठिसूळ झाली. रोगाचे नावच पडले ‘इटाई-इटाई’, म्हणजे ‘दुखतं, दुखतं’. तो कॅडमियममुळे होतो हे तिथल्या सरकारने १९६८ साली मान्य केले.

तेव्हा मंडळी, जुने सज्जन आणि नवे दुष्ट असा हा मामला नाही. शिसे आणि कॅडमियम सावकाश मारत, म्हणून त्यांचा बोभाटा झाला नाही. लिथियम एकदम पेटते, म्हणून बातमी होते. पण तिथेही मरतो कोण, हे पहा. २४ जून २०२४ रोजी दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग शहरात लिथियम सेलच्या कारखान्याला आग लागली. २३ कामगार गेले. ते सेल एकदाच वापरायच्या जातीचे होते, आपल्या विषयातली बॅटरी ती नव्हे. परंतु जे गेले त्यांतले बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेले आणि ठेकेदारामार्फत लावलेले होते, ही गोष्ट जातीवर अवलंबून नाही. आणि बॅटरीतला कोबाल्ट मुख्यतः काँगो देशातून येतो. तिथे लहान खाणींत मुलेही राबतात, हे जगजाहीर झालेले आहे.

आता मी हिशेबाकडे येतो, कारण आजचे माझे खरे सांगणे तेच आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ ही योजना मंजूर केली. १२६१ कोटी रुपये खर्चून महिलांच्या १५ हजार बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे, अशी ती योजना. ड्रोनसोबत चार जादा बॅटरी-संच द्यायचे, म्हणजे दिवसाला वीस एकरांपर्यंत काम होईल, असा त्यातला अंदाज. योजना चांगली आहे. ताई ड्रोन उडवतात याचा मला अभिमान वाटतो. पण बॅटरीचे आयुष्य मोजू या. शिशाची बॅटरी खोलवर रिकामी करून भरली तर दोन-तीनशे वेळा चालते. निकेल-मेटल हायड्राइड तीनशे ते पाचशे वेळा. निकेल-कॅडमियम सांभाळला तर हजार वेळादेखील. आणि सगळ्यांत महाग, सगळ्यांत जोरदार लिथियम पॉलिमर अशा जड कामात साधारण दीडशे ते तीनशे वेळा. मधला आकडा दोनशे घेऊ. मूळचा एक आणि जादा चार असे पाच संच. एका उड्डाणाला एक एकर धरला तर वीस एकरांसाठी प्रत्येक संच दिवसात चार वेळा भरावा लागेल. दोनशेला चारने भागा. पन्नास दिवस! अगदी तीनशे वेळा धरले तरी पंच्याहत्तर दिवस. कामाचे पन्नास-पंच्याहत्तर पूर्ण दिवस झाले की पाचही संच थकले. एक-दोन हंगामांत ही वेळ येते.

आता समजा, हिशेबाला सोपे म्हणून, एक संच चाळीस हजारांचा आहे. दोनशेने भागले की एका एकराला बॅटरीची झीज झाली दोनशे रुपये. समजा एकरी दर चारशे ठरला आहे. म्हणजे निम्मी रक्कम बॅटरीच खाते. उरलेल्या दोनशेत चार्जिंगची वीज, ड्रोन वाहून नेणारी गाडी, दुरुस्ती, आणि मग ताईंची व मदतनिसाची मजुरी. पहिल्या हंगामात हे कळत नाही. संच नवे असतात, हातात पैसे दिसतात. सगळी रक्कम कमाई वाटते. तिसऱ्या हंगामात नवे संच घ्यायची वेळ आली की गटाच्या खात्यात काही नसते, आणि लोक म्हणतात, बायकांना धंदा जमला नाही. धंदा त्यांना जमला होता. दर ठरवताना बॅटरीची झीज कोणी धरलीच नव्हती.

जुना सेल स्वस्त होता, हळूहळू मरत होता, म्हणून त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. नव्या बॅटरीचा हिशेब पहिल्या उड्डाणापासून ठेवावा लागतो. प्रत्येक संचाला क्रमांक द्या. एक साधी वही करा. कोणता संच किती वेळा भरला, किती मिनिटे उडाला, भरताना कोणता सेल मागे पडला, हे लिहा. ही वही दोन कामे करते. कोणता संच थकत आला ते ती सांगते, म्हणजे अपघात टळतो. आणि दराच्या वाटाघाटीला बसताना ती तुमच्या बाजूने बोलते. वाटाघाटीत भाषणापेक्षा वहीचा उपयोग अधिक होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आणखी चार गोष्टी घरोघर सांगाव्यात अशा आहेत. बॅटरी तापलेली असताना भरू नये. ड्रोन उतरला की तिला सावलीत निवू द्यावे. भरताना माणूस जवळ असावा. रात्री लावून झोपू नये, आणि दाराच्या वाटेत लावू नये, कारण पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. हंगाम संपला की भरलेली किंवा रिकामी ठेवू नये. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून थंड जागी, मातीच्या किंवा लोखंडी भांड्यात ठेवावी. आणि पेटलीच, तर तिच्याजवळ थांबून पराक्रम दाखवू नये. धूर टाळून माणसे बाहेर काढावीत, जमत असेल तर मुख्य बटण बंद करावे, लांबून भरपूर पाणी मारावे, आणि ११२ ला कळवावे. शाळा-महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेची मुले विमानांच्या प्रतिकृती करतात. त्यांना ही शिस्त आधी लागली तर पुढे तीच मुले गावाला शिकवतील.

जिथे वजनाचा प्रश्न नाही, तिथे हलक्या बॅटरीचा हट्टही नको. पाठीवरच्या फवारणी पंपात बारा व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती जड आहे; पाठीला हलकेपणा हवा असेल तर तिथे लिथियम घ्या, पण पोलादी डब्यातले, संरक्षक पट्टी बसवलेले घ्या. मुलांच्या पाण्यातल्या बोटीला शिशाची छोटी बॅटरी आजही चालते. लहानग्यांच्या जमिनीवरच्या मोटारीला निकेल-मेटल हायड्राइड अजूनही उत्तम. मोटार थोडी हळू धावेल, पण आई निर्धास्त राहील. उडायचे असेल तेव्हाच लिथियम पॉलिमर, आणि तेही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. कामाप्रमाणे सेल निवडावा. नवा म्हणून घेऊ नये, जुना म्हणून टाकू नये.

टाकण्याचेही सांगतो. पूर्वी बॅटऱ्यांचे जे नियम होते, २००१ चे, ते फक्त शिशाच्या बॅटरीला लागू होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले. त्यांत सगळ्या जातींच्या बॅटऱ्या आल्या आणि जुनी बॅटरी परत घेऊन तिची वाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली. कायदा झाला. पण वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून फुगलेला संच कोण नेणार? भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकला तर जबाबदारी उत्पादकाची न राहता त्या हातगाडीवाल्याची होते, आणि त्याला तर हे काय आहे तेही माहीत नसते. तालुक्याच्या गावी एक गोळा करण्याची जागा असावी, विकणाऱ्याने जुना संच मोजून परत घ्यावा, हे आपण मागितले पाहिजे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. ज्याच्या हातात बॅटरी दिली, त्याला ती भरायचे शिक्षण त्याच्या भाषेत आणि लेखी द्यावे. प्रत्येक सेल मोजणारा चार्जर यंत्रासोबत यावा, नंतर विकत घ्यायला लावू नये. एकरी दर ठरवताना बॅटरीची झीज वेगळी दाखवावी. आणि फुगलेली बॅटरी पाहून जो कामगार “आज उडवत नाही” म्हणेल, त्याची त्या दिवसाची मजुरी कापू नये. यांतली शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. मजुरी कापली जाण्याची भीती असली की माणूस डोळ्यांनी दिसणारा धोकाही पाहिला नाही असे म्हणतो. शिशाच्या कारखान्यात हेच झाले. ते लिथियमच्या बाबतीत पुन्हा व्हायला नको.

 वहीचा नमुना मी सोबत आणला आहे. ज्या गटांना हवा असेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडून जरूर घेऊन जावा.